पाण्यातली तीन दशांश साखर

माझ्या हातून झालेली सगळ्यात वाईट चूक मी पूर्ण शास्त्रशुद्ध पद्धतीने केली. आठ वेळा मोजून, सरासरी काढून. घाईगडबडीत केली असती तर एव्हाना मी स्वतःला माफ करून मोकळा झालो असतो.

मी सकाळी तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास आहे तोवर सर, उन्हाळ्याची सुट्टी लागली की कुणी नाही. त्यामुळे गाळपाच्या हंगामात दुपारी बारापासूनच्या पाळीला मी एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून बसतो. कारखान्याचं नाव सांगत नाही. मळीचा वास सगळीकडे सारखाच असतो. बरीच वर्षं झाली आता. सकाळचा खडू आणि दुपारचा रस एकाच शर्टाला लागलेले असतात, आणि बायकोने कपडे भिजवताना कुरकुर करणंही सोडून दिलंय.

लॅबमधलं आमचं मुख्य काम म्हणजे रसाचा ‘पोल’ काढणं. रसात साखर किती आहे हे आम्ही प्रकाशाला विचारतो. साधा प्रकाश सगळ्या दिशांनी थरथरत येतो. तो खास काचेतून गाळला की एकाच दिशेने थरथरणारा तेवढा पुढे जातो. हा गाळलेला प्रकाश साखरेच्या पाण्यातून गेला की त्याची थरथरण्याची दिशा थोडी फिरते. साखर जास्त तर फिरणं जास्त. नळीत रस भरायचा, यंत्राच्या भिंगाला डोळा लावायचा, दिशा किती फिरली ते चकतीवर वाचायचं, झाला पोल. मिठाने ती फिरत नाही, मातीने फिरत नाही. त्यामुळे कारखान्यात वर्षं काढलेल्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसते, की प्रकाश फिरला म्हणजे साखर आहे. माझ्याही डोक्यात ती बसली होती. खरं तर मला तो हक्क नव्हता, कारण सकाळचं माझं पोट याच विषयावर चालतं.

कॉलेजच्या मुलांना मी दर वर्षी कपिलधारला नेतो. बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची काळपट फिल्म सोलून तिचे तुकडे वाटतो. धबधब्याशेजारच्या ओल्या खडकाची चकाकी त्या तुकड्यातून बघायची आणि तुकडा हळूहळू फिरवायचा. एका जागी चकाकी विझते आणि खडकाचा काळा रंग समोर येतो. मुलं ओरडतात. मग मी सांगतो की प्रकाश असा तिरपा आपटला किंवा तिरप्या काचेतून पार गेला की त्याची एका दिशेची थरथर जरा जास्त पुढे जाते आणि दुसऱ्या दिशेची जरा कमी. हे वाक्य मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल. त्याचा उपयोग मात्र वेळेवर झाला नाही.

आता मावशीबद्दल सांगतो. लॅबमध्ये नळ्या धुणारी बाई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान आहे, तरी सगळ्यांची मावशीच. लॅबमध्ये येण्याआधी ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायची. आमच्याकडे एक कोयता म्हणजे एक जोडपं. तो तोडतो, ती पाचट साळते आणि मोळ्या बांधते, आणि शेवटी दोघं मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. तीन हंगामांपूर्वी मोळीसकट ती फळीवरून खाली आली. कंबर गेली. डॉक्टरने सांगितलं, पुन्हा डोक्यावर ओझं घेतलंस तर एक दिवस उठता येणार नाही. कुणीतरी शब्द टाकला आणि तिला लॅबमध्ये काम मिळालं. नवरा तेव्हापासून अर्धा कोयता म्हणून टोळीत जातो. टोळी आमच्याच कारखान्याला ऊस घालते, पण राहते रानात, पाचटाच्या कोप्यांमध्ये, आज या शिवारात तर आठवड्याने त्या.

मावशीचं नळी धुणं बघण्यासारखं असतं. तीनदा साध्या पाण्याने, दोनदा शुद्ध पाण्याने, मग एक डोळा मिटून नळी खिडकीकडे धरायची आणि आरपार बघायचं. तिला कुणी हे शिकवलं नव्हतं. आमचे चीफ केमिस्ट, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात, ते एकदा म्हणाले होते की पोरगं असं धुतलं असतं तर शाळेत पहिलं आलं असतं.

या हंगामात ऐन भरात आमचं डिजिटल यंत्र बिघडून दुरुस्तीला पुण्याला गेलं. कपाटातून जुनं हाताने फिरवायचं यंत्र काढावं लागलं. ते ठेवलं खिडकीपाशी, आणि खिडकीतून उसाच्या चोथ्याचा भुगा अखंड आत येतो. नळीच्या तोंडावर भुगा बसला की नजर अंधुक होते. मग माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. मी म्हटलं, नळी एका लोखंडी पाइपात घालू, पाइपाच्या दोन्ही टोकांना काच लावू, म्हणजे भुग्याची कटकटच नको. काच सरळ लावली तर दिव्याचं दुसरं प्रतिबिंब डोळ्यात येतं, म्हणून तिरपी लावू. लेझरच्या नळ्यांना अशाच तिरप्या काचा असतात हे मी साहेबांना दोनदा ऐकवलं.

वर्कशॉपच्या फिटरने पाइपाचं एक टोक तिरपं कापलं. दुसरं कापताना शिकंज्यात पाइप थोडा गडगडला, जवळजवळ फेरीच्या आठव्या हिश्शाइतका. त्यामुळे दोन्ही टोकांचा तिरपेपणा एकाच बाजूला आला नाही. एक काच पुढे झुकलेली आणि दुसरी तिच्याकडे खांदा करून झुकलेली. फिटर म्हणाला, "सर, दुसरा पाइप घेऊ का?" मी म्हटलं, "चालतंय."

चालतंय म्हणायला माझ्याकडे कारण होतं. तिरपी काच प्रकाशाची थरथरण्याची दिशा एका बाजूला ढकलते, त्यामुळे वाचन चुकतं, हे मला ठाऊक होतं. पण पाइप फिरवला की ढकलण्याची बाजूही फिरते. म्हणून मी नियम केला की पाइप आठ दिशांना ठेवायचा, आठ वाचनं घ्यायची, सरासरी काढायची. जेवढं उजवीकडे ढकललं तेवढंच डावीकडे, काचेचा दोष आपोआप मरतो, उरते ती साखर. पाइपावर मी ऑइल पेंटने आठ खुणाही केल्या. बाकीचे केमिस्ट वैतागले. एका वाचनाच्या जागी आठ! ‘सरांची प्रदक्षिणा’ असं नाव पडलं, आणि मला ते आतून आवडलं होतं.

पहिल्याच दिवशी अडलं. पाळी सुरू झाली की आधी नुसत्या पाण्याने नळी भरून बघायची पद्धत आहे. पाण्याचा पोल शून्य यायला हवा. आला तीन दशांश. पाणी बदललं, तीन दशांश. नळी बदलली, तरी तीन दशांश. शहाण्या माणसाने इथे थांबून डोकं खाजवलं असतं. मी म्हटलं, दोन्ही नळ्या धुतल्या कुणी? मावशीने.

"मावशी, नळीत साखर राहतेय," मी सांगितलं.

"न्हाई सर. मी धा बारीनं धुतली."

"यंत्र खोटं बोलत नाही."

तिनं यंत्राकडे बघितलं, पाइपाकडे बघितलं आणि म्हणाली, "मंग नळी काढून ठिवा, अन् नुसता तुमचा पाइप लावून बगा की एकदा."

मी तिला समजावून सांगितलं. हसून, समजूतदारपणे, वर्गात सांगतो तसं. की पाइपाचा दोष आठ दिशांच्या फेरीत निघून जातो, म्हणून तो वेगळा बघण्याची गरजच नाही. ती "बरं" म्हणाली. ते हसू आठवलं की आजही मला माझाच राग येतो.

तीन दिवस हेच चाललं. ती धुवायची, मी आठ वाचनं घ्यायचो, तीन दशांश यायचे. चौथ्या दिवशी साहेब बडीशेप चघळत आले, वहीत डोकावले आणि म्हणाले, "काय सर, पाण्यात साखर पिकवायला लागलात?" लॅबमधले दोघं हसले. माझं डोकं सणकलं. मी नळी उचलली आणि तडक बाहेर गेलो.

धुण्याचा नळ लॅबच्या बाहेर, गव्हाणीच्या अंगाला आहे. गव्हाण म्हणजे जिथे ऊस उतरवून पट्ट्यावर टाकतात ती जागा. दुपारची वेळ, ट्रॉल्यांची रांग लागलेली, ड्रायव्हर, तोडणारे बाप्ये, बाया, सगळे सावली धरून बसलेले. मावशी नळाखाली दुसरी नळी खळखळत होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "एक नळी धुता येत नसेल तर ऊस तोडायला जा. इथं कशाला येता?"

बसलेल्यांमधला प्रत्येक माणूस ऊस तोडूनच तिथे आला होता, हेसुद्धा मला तेव्हा सुचलं नाही. मावशीने हातातली नळी धुऊन पूर्ण केली. तीनदा साध्या, दोनदा शुद्ध पाण्याने. एक डोळा मिटून उजेडात बघितली, घोडीवर उलटी लावली, पदराला हात पुसले आणि फाटकाकडे चालू लागली. मला वाटलं, जाईल आणि येईल.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. वजनकाट्यावरच्या क्लार्कने सांगितलं की ती तेलगावकडच्या शिवारात नवऱ्याच्या टोळीवर गेली आहे, सकाळपासून मोळ्या बांधतेय. तिच्या डॉक्टरने काय सांगितलं होतं हे लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मलाही. तरी त्या दिवशी मला आधी वाटलं ते एवढंच, की एवढा कसला तोरा? साहेबांनी विचारलं, "बाई कुठे?" मी म्हटलं, "गेली." ते म्हणाले, "मग सोमवारपासून दुसरी बघतो."

नळ्या आता मी स्वतः धुतल्या. तिच्यापेक्षा जास्त वेळा. पाण्याचा पोल तीन दशांश. मी काय निष्कर्ष काढला असेल? की नळ्यांच्या काचेतच साखर मुरली असणार. माणूस एकदा हट्टाला पेटला की काचेत साखर मुरवतो. आतून मात्र तेव्हापासूनच काहीतरी टोचायला लागलं होतं, आणि जेवताना बायकोने विचारलं तेव्हा मी उगाच तिच्यावर खेकसलो.

शनिवारी सकाळी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला सापेक्षतावादाचा तास होता. वेगांची गोष्ट चालली होती. एखाद्या वस्तूला आधी पूर्वेकडे धक्का देऊन मोठा वेग दिला आणि मग उत्तरेकडे दिला, तर शेवटी काय होतं? बैलगाडीच्या वेगांना हा प्रश्न सोपा आहे, दोन बाण जोडले की झालं. प्रकाशाच्या जवळपास जाणाऱ्या वेगांना तो तसा राहत नाही. दिंद्रुडहून एसटीने येणारी एक मुलगी पहिल्या बाकावर बसते. तिनं विचारलं, "सर, आधी उत्तर अन् मग पूर्व केलं तर तेच येईल का?"

मी म्हटलं, करूनच बघू. या कामाला चार घरांची एक छोटी चौकट पुरते, दोन ओळी आणि दोन रकाने. पूर्वेच्या धक्क्याची एक चौकट, उत्तरेच्या धक्क्याची दुसरी. त्यांचा गुणाकार फळ्यावर मांडला, एकदा सुलटा आणि एकदा उलटा. उत्तरं वेगळी आली. दोन्हीत एक मोठा धक्का होताच, पण त्याच्या जोडीला एक बारीकसं फिरणंही आलं होतं. एकात उजवीकडे, एकात डावीकडे. फिरवलं तर कुणीच नव्हतं. दोन सरळ धक्के दिले होते, वेगवेगळ्या दिशांना, आणि वस्तू जाता जाता थोडी वळून बसली होती.

मुलगी वहीत उतरवून घेत होती आणि मी खडू धरून फळ्याकडे बघत उभा होतो. पूर्वेच्या धक्क्याची चौकट म्हणजे एका घरात एकाहून जरा मोठा आकडा, समोरच्या कोपऱ्यात एकाहून जरा लहान, उरलेली दोन घरं शून्य. ही मी कुठेतरी पाहिली होती. तिरप्या काचेची चौकट हीच असते. एका दिशेची थरथर जरा जास्त, दुसरीची जरा कमी. तीच काच फेरीच्या आठव्या हिश्शाने वळवा, की उत्तरेच्या धक्क्याची चौकट तयार होते, हुबेहूब. आणि दोघींच्या गुणाकारातून निघालेलं ते बारीक फिरणं, त्याची चौकटही मी रोज दुपारी बघत होतो. ती साखरेची होती.

खोटं सांगत नाही, आधी मला आनंदच झाला. प्रकाश कसा आहे हे पूर्ण सांगायला चार आकडे लागतात, एक एकूण उजेडाचा आणि तीन थरथरण्याच्या तऱ्हेचे. पहिल्याच्या वर्गातून बाकी तिघांचे वर्ग वजा करायचे. एखादी घटना कधी आणि कुठे घडली हे सांगायलाही चारच आकडे लागतात, एक काळाचा आणि तीन जागेचे, आणि तिथेही काळाच्या वर्गातून जागेचे तीन वर्ग वजा करायचे असतात. धक्का द्या, फिरवा, ती वजाबाकी तशीच राहते. काचेने आणि साखरेच्या पाण्याने प्रकाशाचं काहीही केलं तरी, काचेने खाल्लेला उजेड सोडला तर, त्याचीही वजाबाकी तशीच राहते. दोन्हीकडे एकच कायदा. तारे जिथे पळतात तिथला कायदा माझ्या एम-सीलने चिकटवलेल्या पाइपात चालू होता, आणि मी त्याला साखर समजत होतो.

मग माझा आठ दिशांचा नियम आठवला. काचेचा धक्का आठ दिशांच्या फेरीत मरतो, कारण अर्धी फेरी तो इकडे ढकलतो आणि अर्धी तिकडे. फिरणं मरत नाही. पाइप कसाही ठेवा, ते तेवढंच आणि त्याच बाजूला, अगदी साखरेसारखं. एकच काच असती तर माझा नियम बरोबर होता. मी दोन लावल्या होत्या. मुलांना धडा वाचायला सांगून मी हजेरीपटाच्या मागच्या पानावर आकडे मांडले. काचेचा तिरपेपणा, शिकंज्यात गडगडलेला आठवा हिस्सा, सगळं घातलं. उत्तर तीन दशांशाच्या जरा वर आलं.

तास संपला तसा मी गाडीला किक मारली आणि डबा न उघडताच कारखान्यात पोचलो. यंत्रातून नळी काढली. नुसता रिकामा पाइप ठेवला, पाणी नाही, नळी नाही, काही नाही. आठ दिशा, आठ वाचनं. तीन दशांश. मग स्क्रूड्रायव्हर घालून एका टोकाची काच उचकटून काढली आणि पुन्हा फेरी केली. शून्य. हे करायला मला वीस मिनिटं लागली. पहिल्याच दिवशी एका बाईने सांगितलं होतं तेव्हा केलं असतं, तर तेव्हाही वीसच मिनिटं लागली असती.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी फळ्यावरचं ऐकून घेतलं, निम्मं कळलं नसावं, पण शेवट बरोबर पकडला.

"म्हणजे नळी स्वच्छ होती."

"होती."

"आणि तुम्ही त्या बाईला गव्हाणीवर चारचौघांत झाडलंत."

"हो."

त्यांनी बडीशेपेची डबी बंद केली. "सोमवारी दुसरी बाई येणार आहे. ही आज आली तर हीच राहील. उद्या रविवार, मी नाही. आणि बोलावून आणणं तुमचं काम, माझं नाही."

टोळीची ट्रॉली चारच्या सुमारास येते असं काट्यावर कळलं. मी गव्हाणीपाशी जाऊन उभा राहिलो. मनात वाक्यं जुळवत होतो. दोन काचा, दोन धक्के, वेगवेगळ्या दिशा. समजावून सांगितलं की ती समजून घेईल, उलट तिला मजाच वाटेल, असं मी स्वतःला पटवत होतो. खरं म्हणजे ते गणित मला ढालीसारखं पुढे धरायचं होतं. चूक माझी असली तरी किती अवघड चूक होती बघा, कुणाचीही झाली असती, असं मला म्हणायचं होतं.

ट्रॉली आली. मावशी पुढे ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसली होती. नवऱ्याने हात धरला तेव्हा कुठे खाली उतरली, आणि उतरल्यावर लगेच चालली नाही. डाव्या हाताने कंबर दाबून थोडा वेळ तशीच उभी राहिली. उजव्या हातात कोयता होता. डोक्यावर चुंबळ होती. म्हणजे मोळ्या वाहिल्या होत्या. मी जे जुळवलं होतं त्यातलं पहिलं वाक्यसुद्धा मला आठवेना.

मी जवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "मावशी, लॅबला चला."

"कावून?"

"नळी स्वच्छ होती. तुमचं बरोबर होतं. त्याचं असं झालं, मावशी, पाइपाच्या दोन काचा वेगळ्या बाजूंनी तिरप्या आहेत ना, तर प्रकाश पहिल्या काचेतून जाताना..." आणि मी सुरू झालो. एक बोट पूर्वेला, एक उत्तरेला. वस्तूला वेग दिला तर कशी वळते तेही सांगितलं. नवरा एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघत होता. मावशीने मात्र सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर म्हणाली,

"सर, आता तुमी लई हळू बोलायलाव. त्या दिशी मोठ्यानं बोललाव्हता."

मी मागे वळून बघितलं. तीच रांग, तीच सावली, बरीचशी तीच माणसं. कुणी तंबाखू मळत होतं, कुणी फोन बघत होतं, आणि सगळ्यांचे कान आमच्याकडे होते. पन्नास मुलांपुढे रोज बडबडणारा माणूस मी, पण तिथे आवाज फुटेना. शेवटी घसा खाकरला आणि जोरात म्हणालो, "ऐका जरा. त्या दिवशी मी इथं मावशीला बोललो. तर त्याचं शास्त्र असं आहे की दोन काचा..."

"काचंचं ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाली.

मग राहिलं काय? राहिलं ते फार थोडं होतं. "मावशीनं नळी नीट धुतली होती," मी म्हणालो. "चूक माझी होती. आणि ऊस तोडायला जा म्हणालो, ते तर तुम्हा सगळ्यांनाच म्हणालो. तेही चुकलं." हात जोडले.

मग ट्रॅक्टरच्या सीटवरचा ड्रायव्हर शेजारच्याला म्हणाला, "मंग पान्यात साखर आली कुठून बे?"

मावशीने त्याच्याकडे बघितलं. "साखर कशाची? काचा वाकड्या व्हत्या. सरांनीच बशिवल्या व्हत्या." लोक हसले, मोकळे, आणि मीही हसलो, कारण माझ्या पाऊण तासाच्या व्याख्यानात यापेक्षा जास्त काही नव्हतं.

ती हसली नाही. तिनं कोयता नवऱ्याच्या हातात दिला, डोक्यावरची चुंबळ सोडून खांद्यावर टाकली. नवरा म्हणाला, "जाय तू. मी बगतो." लॅबपर्यंतचं अंतर शंभर पावलांचं असेल. बुधवारपर्यंत ती ते झपझप चालत होती. आता ती दर दहा-बारा पावलांनी थांबत होती, कंबरेवर हात ठेवून, श्वास घेत. मी आधार द्यायला हात पुढे केला तर म्हणाली, "नगं. आपलं आपण यीन." तीन दिवसांच्या मोळ्या होत्या त्या, आणि त्या तिच्या डोक्यावर मी दिल्या होत्या. मी तिच्यामागून चालत होतो. ती थांबली की मीही थांबत होतो.